गोळ्यांच्या माथी

हेसोंग चार वर्षांचा झाला तरी बोलेना. त्या वर्षी पितरांच्या सणाला मिरानच्या सासूने भरल्या घरात, पानावरची फळं आवरता आवरता, सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आमच्याकडे आजवर असं लेकरू झालं नाही. रक्त कुठून आलंय ते ज्याचं त्याने बघावं."

मिरान खाली मान घालून भांडी घासत राहिली. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा; त्या दिवशीही तो कुठल्याशा दूरच्या बंदरात होता. तिच्या बाजूने बोलणारं घरात कुणी नव्हतं.

पण टोंगयोंग गाव केवढंसं. सासूचं ते वाक्य मिरानच्या आधी तिच्या माहेरी पोचलं. मिरानची आई माल्सुन धक्क्याजवळच्या शेडमध्ये कालवं फोडायला जायची. लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या, हातात आखूड सुऱ्या, पायांत रबरी बूट, आणि कालवं उघडायच्या आधी एकमेकींची घरं उघडायची चढाओढ. माल्सुनने तिथे रक्ताची गोष्ट ऐकली. मिरानचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण धाकटी बोराम अजून लग्नाची होती. बुसानच्या एका चांगल्या घरातून तिला विचारणा झाली होती. आणि पोरीच्या रक्तातच खोट आहे म्हटल्यावर कोण दारात उभं राहील?

दुसऱ्या दिवशी माल्सुनने सुरी टेबलावर आपटली आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रक्तबिक्त काही नाही, बायांनो. माझी मिरान पोटुशी असताना तिचं ब्लडप्रेशर चढलं होतं. डॉक्टरांनी रोज गोळ्या चारल्या. त्या औषधाने पोर असं झालं. नाहीतर आमच्या घरात जन्मतःच तोंडं सुटतात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला हवं का?"

बायका हसल्या, हळहळल्या. एकीने आपल्या भाचीला कुठल्याशा औषधाने कसं पुरळ आलं ते सांगितलं. कारण सापडलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. हळूहळू सासूलाही ते पटलं. सुनेच्या माहेराला नावं ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना शिव्या घालणं तिला सोपं गेलं असावं. गोळ्यांना काही तोंड नव्हतं. त्या बिचाऱ्या काय बोलणार?

मिरानला खरं ठाऊक होतं. हेसोंग दीड महिना आधी, मूठभर वजनाचा जन्मला होता. तो तीन वर्षांचा असताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, की गोळ्यांनी असं होतं असं आमच्या बघण्यात नाही. हा असा का, ते आम्हाला सांगता येत नाही. तिचं बोटीच्या धक्क्यासमोर गिंबापचं दुकान होतं. बेटांवर जाणारी माणसं तिच्याकडून काळ्या शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात आणि सोबत मुळ्याचं लोणचं, तिखट माकूळ मासा बांधून घेत. दुकानाच्या कोपऱ्यात बसून हुंकारणारा मुलगा बघून कुणी विचारलंच, तर सुरुवातीला ती म्हणायची, "माहीत नाही." त्यावर माणसं गप्प व्हायची आणि तिच्याकडे नको तेवढं बघत राहायची. एकदा तिने म्हणून बघितलं, "औषधामुळे झालं." गिऱ्हाईक च् च् करून गेलं. मग ती तेच म्हणत राहिली. म्हणता म्हणता कधी कधी तिला स्वतःलाही ते खरं वाटे.

बुसानच्या त्याच घरात बोरामचं लग्न झालं. जिंग्यु लिफ्ट दुरुस्त करायचा. अबोल, कामसू, सासूला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेईल असा जावई. बोराम बुसानला राहायला गेली, पण दर पंधरवड्याला तिची बस टोंगयोंगला लागायचीच. ती आईसाठी येते म्हणायची. खरी यायची हेसोंगसाठी. तिची लांब वेणी होती. हेसोंग तिच्या मांडीला टेकून त्या वेणीचं टोक आपल्या ओठांवरून फिरवत बसायचा, तासन् तास. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्याला चालत नसे. बोराम त्याच्याशी अखंड बोलायची, बसमध्ये कोण भांडलं, जिंग्युने भात कसा करपवला. तो उत्तर देत नाही याचं तिला काही वाटतच नाही, असं मिरानला वाटायचं. बहिणीवर तिचा जीव होता, तो यासाठी जास्तच होता.

लग्नानंतर तीन-चार वर्षं काही घडलं नाही, आणि मग चौतिसाव्या वर्षी बोरामला दिवस गेले. माल्सुनला स्वप्न पडलं, की लालभडक ताम मासा पाण्यातून उसळून तिच्या ओटीत पडला. अशा स्वप्नावरून मुलगा की मुलगी ते जुन्या बायका ओळखतात. "मुलगी आहे!" ती शेडमध्ये सांगत सुटली. पोटातल्या बाळाला लाडाचं नाव ठेवायचं असतं. बोरामने फोनवर सांगितलं, "ताई, आम्ही तोकतोगी ठेवलंय." तोकतोगी म्हणजे हुशार, चुणचुणीत. मिरान हसली, छान आहे म्हणाली. फोन ठेवल्यावर काहीतरी टोचलं. काय टोचलं, ते तिने नीट बघितलं नाही.

पाचव्या महिन्यात बोरामचं ब्लडप्रेशर वाढलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणून बजावलं. जिंग्यु दिवसभर कामावर, म्हणून तो तिला माहेरी सोडून गेला.

माल्सुन लेकीसाठी बिनमिठाचं सूप करी आणि स्वतःच तोंड वाकडं करी. "हे काय जेवण आहे? धुणं पिळलेलं पाणी बरं."

"डॉक्टर म्हणालेत ना, आई."

"डॉक्टरांच्या आईने रांधलं असतं तर कळलं असतं."

मिरान दुकान आवरून रोज तिकडे जायची. पहिला प्रश्न ठरलेला, "गोळी घेतलीस?"

"घेतली गं बाई. पोलीस आहेस का तू?" बोराम हसायची. सुजलेले पाय उशीवर, मांडीशी हेसोंग.

एका संध्याकाळी तिघी स्वयंपाकघरात होत्या. मिरान तांदूळ धूत होती, आई मुळा चिरत होती. बोराम दाराला टेकून उभी होती. तळहातावर गोळी होती आणि ती त्या गोळीकडेच बघत होती.

"आई, ताईला दिलेली गोळी हीच होती का गं?"

मुळ्यावरची सुरी क्षणभर थबकली, मग पुन्हा चालू लागली. "मला काय ठाऊक? गोळी ती गोळी."

बोरामने मिरानकडे बघितलं. मिरानचे हात पाण्यात होते. पाणी गढूळ पांढरं झालं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. तीनच शब्द, की गोळीने नव्हतं झालं. पण मग आई खोटी पडली असती, आणि इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलेलं सगळंच खोटं पडलं असतं, आणि बोरामने विचारलं असतं, मग कशाने? त्याचं उत्तर मिरानकडे नव्हतं.

"वेगळी असेल," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत औषधं बदलतात."

"हं," बोराम म्हणाली आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेली.

सातवा महिना लागला होता. थंडी पडली होती, कालवांचा हंगाम भरात होता. मिरान दुपारच्या बोटीची गर्दी उरकत होती, एवढ्यात शेजारीण धापा टाकत आली. "मिरान, घरी चल. तुझी बहीण."

बोराम न्हाणीच्या दारात पडली होती. डोकं फुटतंय म्हणत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणत होती. मिरानने पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं टणक लागलं. मग रक्त दिसलं. रुग्णवाहिका येईपर्यंत बोरामचं अंग ताठ झालं, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. हेसोंग भिंतीला पाठ लावून कान झाकून एकाच सुरात किंचाळत होता. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

जवळच्या जिंजू शहरातल्या मोठ्या इस्पितळात बोराम वाचली. बाळ तिथे पोचण्याआधीच गेलं होतं. वार आतल्या आत सुटली होती.

डॉक्टर तरुण बाई होती, डोळ्यांखाली काळं झालेली. तिने जिंग्यु आणि मिरानला एका खोलीत बसवलं. "गोळ्या चालू होत्या ना त्यांच्या?"

"रोज," मिरान म्हणाली. "मी रोज विचारायचे."

डॉक्टरने कागदावरून नजर उचलली नाही. "गोळ्या चालू असताना इतकं चढणं... होतं कधी कधी."

मिरानला राहवलं नाही. "त्या गोळ्यांनी पोटातल्या मुलाच्या डोक्यावर परिणाम होतो का हो? पुढे बोलणं, शाळा..."

"आजवर जेवढं तपासलं गेलंय, त्यात तसं दिसलेलं नाही. अजून तपासतायत, आणि मी शंभर टक्के काहीच सांगणार नाही. पण ब्लडप्रेशर तसंच चढू दिलं तर काय होतं, ते मी या वॉर्डात बघत असते." ती थांबली. "तुम्हाला कुणी सांगितलं असं?"

 सांगणारे घरचेच होते.

बोराम शुद्धीवर आली, तिला वॉर्डात आणलं, त्या सकाळी माल्सुन डब्यातून शेवाळाचं सूप घेऊन आली. बाळंतिणीला तेच द्यायचं असतं. बाळ नसलं तरी बाळंतीण असतेच. बोरामला दूध उतरलं होतं आणि नर्सने छाती घट्ट बांधून ठेवली होती. माल्सुन चमच्याने भरवत होती, बोराम लहान मुलासारखी गिळत होती. तिसऱ्या की चौथ्या घासाला ती म्हणाली, "मी गोळ्या घेत नव्हते."

चमचा हवेतच राहिला.

"जिभेखाली धरायचे आणि न्हाणीत जाऊन थुंकायचे. तुम्हाला काळजी नको म्हणून." तिचा आवाज अगदी सपाट होता. मग ती मिरानकडे वळली. "ताई, रागावू नकोस. हेसोंग मला जिवापेक्षा जास्त आहे, तुला माहीत आहे. पण गोळी हातात घेतली की तो समोर यायचा. मला वाटायचं, माझ्या बाळाने मला हाक मारावी. एवढंच. डॉक्टर म्हणायचे काही होत नाही, पण ते तुलाही म्हणालेच असतील ना."

मिरान उभी होती ती पलंगाचा दांडा धरून उभी राहिली. बहिणीचं मूल गेलं होतं आणि तिला बहिणीला कवेत घ्यायचं होतं. त्याच वेळी कुणीतरी फाडकन थोबाडीत मारावी तसं तिला झालं होतं. वेणीचं टोक धरून बसलेला तिचा पोरगा, आणि त्याच्या केसांवरून हात फिरवता फिरवता, असं माझ्या नशिबी नको, म्हणणारी ही. इतके दिवस. त्या हातात माया होती, आणि भीतीही होती. दोन्ही खऱ्या होत्या. कुठल्या एकीचा राग करायचा?

माल्सुनने डब्याला झाकण लावलं. झाकण नीट बसेना, ती ते दाबत राहिली.

"गोळीने नव्हतं गं झालं," ती म्हणाली. "मी बोलले होते तसं. शेडमध्ये. रक्ताचं नाव निघालं होतं, तुझं लग्न मोडलं असतं. मला वाटलं, गोळ्यांच्या माथी मारलं तर कुणाचं काय जातंय."

बोरामने आईकडे बघितलं, जणू आई परक्या भाषेत बोलली होती. मग म्हणाली, "ताई, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तू तांदूळ धूत होतीस."

"हो."

बोरामने भिंतीकडे तोंड फिरवलं. "घरी जा, ताई."

मिरान बाहेर आली तर जिंग्यु व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. हातात कागद होते. "ताई," तो म्हणाला, "मला बाळाला न्यायचंय. एकट्याने जमेल असं वाटत नाही."

ती गेली त्याच्याबरोबर. पेटी इतकी छोटी होती, की जिंग्यु ती मांडीवर घेऊन बसला आणि टॅक्सीवाल्याने मागे न बघता रेडिओ बंद केला. वाटेत जिंग्यु एकदाच बोलला. "केस होते तिला. भरपूर. आणि जिवणी बोरामसारखी." विद्युतदाहिनीतल्या माणसाने आधीच हळू आवाजात सांगितलं, की इतक्या लहान जिवाचं मागे फारसं काही उरत नाही, मनाची तयारी ठेवा. खरंच काही उरलं नव्हतं. जिंग्युने कुठून तरी आणलेला छोटा पांढरा कुंभ तसाच परत पिशवीत ठेवला. मग तिथल्या बाकावर बसून लिफ्टच्या तारा ओढणारे ते दणकट हात तोंडावर दाबून तो रडला. मिरानने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपल्याला तेवढाही हक्क आहे का, हे तिला कळेना.

आईच्या घरी आल्यावर हेसोंगने तिची बाही ओढून तिला बोराम झोपायची त्या खोलीत नेलं. गादी गुंडाळलेली होती. त्याने उशीखाली बघितलं, दाराआड बघितलं, पुन्हा तिची बाही ओढली. मिरानने त्याच्याकडे बघितलं, आणि एका क्षणापुरतं तिला तो बोरामच्या डोळ्यांनी दिसला: नऊ वर्षांचा, ओठ ओले, कुणालाही हाक न मारणारा. तो क्षण तिला पुढे कधीच विसरता आला नाही. ती हुंदके देऊ लागली. रडण्याचा आवाज हेसोंगला सोसत नसे. तो कान झाकून दुसऱ्या खोलीत निघून गेला.

बोराम इस्पितळातूनच परस्पर बुसानला गेली. माल्सुन आठवड्याने पुन्हा शेडमध्ये उभी राहिली. ती आता बोलत नसे. तिच्यापुढे शिंपल्यांचा ढीग मात्र सगळ्यांत आधी चढे.

हंगाम सरता सरता मिरान एक दिवस दुपारचे डबे घेऊन शेडमध्ये गेली होती. टेबलाच्या टोकाला न्यान नावाची नवी मुलगी होती, व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली, एप्रनखाली पोट दिसू लागलेली. डॉक्टरांनी तिला ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या आहेत हे शेडमध्ये सगळ्यांना कळलेलंच होतं. तिच्या शेजारची थोराड बाई तिला समजावत होती, "माझं ऐक, त्या गोळ्यांच्या नादाला लागू नकोस. माल्सुनचा नातू बघ जा. नऊ वर्षांचा घोडा, तोंडातून शब्द नाही."

माल्सुनने हातातलं कालव खाली ठेवलं.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. शेडमधल्या सुऱ्या थांबल्या. "मी सांगितलं होतं, आणि मी खोटं सांगितलं होतं. त्या खोट्यापायी माझ्या बोरामचं लेकरू गेलं. तू गोळी घे, पोरी. डॉक्टर सांगतील तशी घे."

 मग पलीकडच्या टेबलावरून दबका आवाज आला, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं." दोघीतिघींनी माना हलवल्या. इतकी वर्षं त्यांनी जे एका झटक्यात खरं मानलं होतं, ते खोटं आहे म्हटल्यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना. न्यान घाबरून एकीकडून दुसरीकडे बघत होती.

मिरानने डबे खाली ठेवले आणि ती त्या मुलीपाशी गेली. "मी त्याची आई," ती म्हणाली. "गोळ्या मीच घेतल्या होत्या. तो बोलत नाही, का ते कुणालाच माहीत नाही. पण मी आहे आणि तो आहे. माझ्या बहिणीने गोळ्या घेतल्या नाहीत." पुढचं तिला बोलवेना. हे असं तिने आजवर कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. न्यानने मान डोलावली. तिला सगळे शब्द कळले का, कुणास ठाऊक.

घरी परतताना माल्सुन लेकीच्या पुढे पुढे चालत होती. चढावर ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "बोरामला कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं."

"हो, आई."

त्या वर्षीच्या सणाला बोराम आली नाही. जिंग्यु एकटा येऊन नाशपातींची पेटी ठेवून गेला. पुन्हा मूल नको, असं तिने ठरवलंय, एवढं त्याने जाता जाता सांगितलं.

पानगळीत एकदा आईच्या घरी फोन वाजला, तो मिरानने उचलला.

"आई आहे?" बोरामचा आवाज.

"कामावर गेलीय." मिरानने दोन्ही हातांनी फोन धरला. "जेवलीस का?"

"जेवले."

 फोन कुणीच ठेवेना. मग बोरामने नाव न घेता विचारलं, "तो कसा आहे?"

किती महिन्यांनी ती विचारत होती. मिरानला हर्ष झाला आणि त्या भरात ती बोलून गेली, "अगं, शाळेतल्या बाईंनी शिकवलं, आता तो मला हाक मारतो. स्पष्ट नाही, पण मारतो. परवा धक्क्यावरून दोनदा हाक मारली."

 आपण काय बोललो ते मिरानच्या ध्यानात आलं, पण शब्द परत घेता येत नव्हते.

"बरं झालं, ताई," शेवटी बोराम म्हणाली. ते ती मनापासून म्हणत होती. "खरंच बरं झालं. ठेवते."

त्यानंतर बोराम फोन करते, पण मिरान दुकानावर असेल अशा वेळी. माल्सुन दोघींचे निरोप एकमेकींना सांगते; थंडी पडली, गुडघे दुखतात, मुळे स्वस्त झालेत. हेसोंगबद्दल बोराम विचारत नाही, आणि माल्सुन आपणहून सांगत नाही.